राहेलबाईंचा डाळिंबी फेटा

संपादकांचा निरोप आला, "आप्पा, तुम्ही आयुष्यभर मोठमोठ्या लोकांना फेटे बांधलेत. दिवाळी अंकासाठी त्यांच्या आठवणी लिहा." मी दोन दिवस विचार केला. अडचण अशी आहे की फेटे बांधणारा माणूस मोठ्या लोकांना वरून बघतो आणि मागून बघतो. तोंडाकडे बघायला त्याला सवडच नसते. कोणाचं टक्कल कुठवर आलंय, कोण कलप लावतो, भाषणाआधी कोणाच्या कानामागे घाम सुटतो, हे मला पक्कं ठाऊक आहे; पण छापायची सोय नाही. त्यातले बरेच जण अजून निवडून येतात.

तेव्हा मोठ्यांचं राहू द्या. मी एका बाईच्या डोक्याबद्दल लिहितो.

आमचं गेवराईत कापडाचं लहानसं दुकान. वडील कापड फाडता फाडता गिऱ्हाइकाला फेटा बांधून द्यायचे, त्यांचं बघून मी शिकलो. फेटा म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं, कारण पोरं दुकानातून शिवलेला तयार फेटा आणतात आणि डोक्यावर ठेवून मोकळी होतात. त्याला फेटा म्हणत नाहीत, झाकण म्हणतात. खरा फेटा हे एक लांबलचक, हलकं सुती कापड असतं. ते धुऊन, खळ देऊन, अर्धवट ओलं असताना घडी करायचं. घडीला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरणार, दुसरं टोक समोरच्यानं ताणून धरायचं आणि मधल्या मध्ये चुण्या पाडायच्या. मग डोक्याचा अंदाज घेऊन एकेक वेढा द्यायचा. पहिला वेढा बसला की बाकीचे बसतात. पहिला चुकला तर साक्षात कारखान्याचे चेअरमन असले तरी फेटा भाषणाच्या मध्यावर डोळ्यांवर येतो. शेवटी वर तुरा, मागे पाठीवर सोडलेला शेमला. या सगळ्या वेळात मी फक्त एक वाक्य बोलतो, "मान हलवू नका." आमदार असो की नवरदेव, सगळ्यांना तेच.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हे फेटे आम्ही भाड्यानं देतो. सत्कार झाला, फोटो झाला, की मी मांडवाच्या मागच्या बाजूला उभा राहून एकेक फेटा गोळा करतो. नुकतं ज्याला 'विकासपुरुष' म्हटलं, त्याच्याच डोक्याकडे हात करून "साहेब, तेवढा फेटा..." म्हणायला कातडी जाड लागते. माझी आहे.

माझ्या स्वतःच्या डोक्यावर मात्र दुसऱ्या कोणी कधी फेटा बांधला नाही. लग्नातसुद्धा मीच आरशात बघून बांधून घेतला होता. वाढप्याला कोण वाढतो!

सहकार जोरात होता तोवर माझा धंदाही जोरात होता. कारखान्याचा बॉयलर पेटला की फेटे, उसाची मोळी पडली की फेटे, दूध संघ, सोसायटी, बाजार समिती, कुठंही निवडणूक झाली की फेटे. मतमोजणीला मी दोन्ही पॅनेलचे रंग पिशवीत घेऊन जायचो. एकदा एक उमेदवार म्हणाला, "आप्पा, निकाल लागलेलाच हाय, बांधा तुमी." मी निम्म्यात असताना निकाल आला, गडी पडला. खोली रिकामी झाली. तो तसाच खुर्चीवर बसून म्हणाला, "आता काय ओ?" मी म्हणालो, "साहेब, अर्धा बांधलेला फेटा सोडत नसतात. मान हलवू नका." पुरा बांधला. तो मागच्या दारानं घरी गेला, तर त्याच्या म्हाताऱ्या आईनं फेटा बघून ओवाळलं. पोरानं तिला सकाळपर्यंत काही सांगितलं नाही. तो फेटा मी मागायला गेलो नाही. धंद्यात असं दोनदाच झालं. दुसरी वेळ या गोष्टीतली.

मग तो दुष्काळ आला. ऊस वाळला, आमच्या भागातला कारखाना थंड पडला, सत्कार बंद झाले. फेट्याला खळ द्यायची तर पाणी लागतं आणि प्यायलाच नसताना कपडे कोण धुणार? माझे फेटे घामाच्या पिवळ्या रेघांसकट पेटीत पडून राहिले.

चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिला आम्ही आक्का म्हणतो. त्या गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची वस्ती, तिथं एक जुनं दगडी चर्च आणि चर्चच्या आवारात मिशनच्या काळातली खोल विहीर. गावातल्या आडांना कोरड पडली, तरी ती विहीर तळाशी पाणी धरून होती. आधी गाव त्या विहिरीकडे पाठ करून जायचं. का, ते सांगायला नको. आपल्याकडे कोणालाही न सांगता कळतं. आक्काच्या सासूनं त्या विहिरीचं पाणी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. पण तहान लागली की सोवळं आधी सुटतं. एके सकाळी अख्खं गाव हंडे घेऊन चर्चच्या फाटकाशी उभं राहिलं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी फाटक उघडलं आणि विहिरीची व्यवस्था राहेलबाईंकडे दिली.

राहेलबाई चर्चची झाडलोट करायच्या, घंटा वाजवायच्या, लग्नाला-मयताला सतरंज्या घालायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र शेताच्या बांधापलीकडे जाईल असा. त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा केला: डोईमागं एक हंडा. ज्यानं त्यानं आपल्या डोक्यावर वाहून न्यायचा. बैलगाडी, सायकल, टिपाडासारखं मोठं पिंप, काही चालणार नाही. घंटा झाली की रांग सुरू, घंटा झाली की बंद, म्हणजे विहिरीत पुन्हा पाणी झिरपायला वेळ मिळेल. ख्रिस्ती असो, पाटील असो, आमची आक्का असो, त्यांचं एकच म्हणणं, "डोकं दाखवा, हंडा घ्या."

गावच्या सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब. माणूस वाईट नाही, पण 'मी आहे म्हणून गाव आहे' अशी समजूत. त्यांनी गड्याबरोबर बैलगाडीत टिपाड पाठवलं. राहेलबाईंनी गाडी फाटकातच अडवली. गडी म्हणाला, "बापूसायबाचं टिपाड हाय."

"आसंल की. टिपाडाला डोकं हाय का? मग न्हाई."

गाडी रिकामी परत गेली आणि ही गोष्ट गावभर झाली. काही लोक हसले, काहींना राग आला. बाईला शिव्या खाव्या लागल्या, त्याही ज्यांच्या हंड्यात तिच्यामुळं पाणी पडत होतं त्यांच्याकडून. तरी उन्हाळाभर रांग मोडली नाही. पण एका सकाळी बघतात तर घंटेचा दोर कोणीतरी कापलेला. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. राहेलबाईंनी दोराला गाठ मारली आणि घंटा वाजवली. त्या दिवशी मात्र त्या कोणाशी बोलल्या नाहीत, असं आक्का सांगते.

पावसानं त्या वर्षी नुसती हजेरी लावली. पुढचा उन्हाळाही तसाच जाणार, हे दसऱ्यालाच दिसत होतं. आणि राहेलबाईंनी बोचकं बांधलं. त्यांच्या पुतण्याची टोळी ऊस तोडायला लांबच्या कारखान्यावर निघाली होती, त्याची बायको गरोदर, तिच्यापाशी कोणीतरी हवं होतं. पण खरं कारण त्यांनी आक्काला सांगितलं, "ज्यांच्यासाठी उनात उभी राह्यले त्यांनीच दोर कापला. आता गंगा जरी दारात आली तरी मी ह्या गावात माघारी येनार न्हाई." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

आक्काला एकच काळजी. बाई गेली तर पुढच्या उन्हाळ्यात रांग कोण राखणार? ज्याच्या हातात काठी त्याचं पाणी होणार, हे बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नेमके त्याच आठवड्यात बापूसाहेब माझ्या दुकानात. "आप्पा, चर्चच्या लोकांनी गावाला पाणी पाजलं. त्यांचा सत्कार करायचा. रविवारी त्यांची उपकारस्तुतीची उपासना हाय, तिथंच. पाच फेटे आना." पाच कोण? पाळकसाहेब, पेटी वाजवणारे मास्तर आणि चर्चच्या पंचातले तिघं. मी विचारलं, "आन् राहेलबाई?"

बापूसाहेबांनी दुकानातल्या कापडाचा पोत बघितला. "बाईमानसाला काय फेटा बांधता? पाळकसाहेबबी तेच नाव घेत होते. बघू, साडीबिडी देऊ कधी."

खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या काळी बाईच्या डोक्यावर फेटा कोणी पाहिला नव्हता. आता मुली फेटे बांधून शोभायात्रेत मोटारसायकली चालवतात, ते वेगळं.

रविवारी सकाळी आधी आक्काकडे गेलो. तिनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "काशिनाथा, राहेलबाई उद्या ट्रकात बसून जानार. आजच्या आज तिच्या डोक्यावर काहीतरी पडलं पाहिजे. त्या पाच बाप्यांच्या डोक्यावर नुसता हात फिरवून येऊ नको."

"मी काय करू? मी भाड्याचा माणूस."

"ते तू बघ," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. थोरल्या बहिणीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

चर्चच्या बाहेर लिंबाखाली मी पाच केशरी फेटे बांधले. खास बांधले. इतक्या महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं. आक्काकडच्या तांब्याभर पाण्यात खळ कालवली होती, चुण्या अशा पडल्या की माझं मलाच बरं वाटलं. बापूसाहेब स्वतःचा फेटा घालून आले होते. बरोबर फोटोवाला. सगळे आत गेले, गावातले लोक मागच्या बाकांवर अवघडून बसले. राहेलबाई आत बसल्याच नव्हत्या. दाराशी, घंटेच्या दोराजवळ उभ्या होत्या.

पाळकसाहेब पुढं झाले. "आपण प्रार्थना करू या."

आणि पाचही जणांनी, एकदम, डोक्यावरचे फेटे काढले.

 बांधलेला फेटा टोपीसारखा काढत नसतात हो! पेटीमास्तरांच्या मांडीवर तुरा लोळत होता, एका पंचाच्या खांद्यावरून शेमला घरंगळत जमिनीवर आला. बापूसाहेब इकडंतिकडं बघत राहिले, मग त्यांनीही आपला काढला. 'आमेन' झाल्यावर मी वाकत वाकत पेटीमास्तरांपाशी गेलो. "मास्तर, हे काय केलं?"

"आप्पा, रागवू नका. आमच्यात पुरुषानं उघड्या डोक्यानं प्रार्थना करायची असते."

बापूसाहेब मागून म्हणाले, "आप्पा, परत बांधा. फोटो काढायचाय." मी घाईघाईनं परत बांधले. पाचवा बांधून होतो न होतो तोच दुसरी प्रार्थना. परत पाच केशरी ढिगारे. लहान पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग मी पण भडकलो. मी पाळकसाहेबांना जरा मोठ्यानंच म्हणालो, "साहेब, तुमच्यात किती वेळा प्रार्थना असते?"

पाळकसाहेब शांत माणूस. हसून म्हणाले, "आप्पा, आज आभाराचा दिवस आहे. बऱ्याच वेळा असते. राहू द्या आता फेटे. भावना पोचली."

भावना पोचली, फोटो नाही. बापूसाहेबांचं तोंड पडलं. मी कापडं गोळा करत वर बघितलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चर्चमधल्या झाडून सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर घेतलेला होता.

"साहेब," मी विचारलं, "बाईनं डोकं उघडं करायचं नसतं का?"

"नाही. बाईनं प्रार्थनेत डोकं झाकलेलंच पाहिजे."

"मग फेटा टिकेल असं एक डोकं हाय की इथं," मी म्हणालो, "आन् ते दाराशी उभं हाय."

सगळ्या माना वळल्या. राहेलबाईंनी पदर ओढून घेतला. "मला नगं. माजं बोचकं बांधून झालंय."

 मी पिशवीतून ठेवणीतला फेटा काढला. डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा. ऐनवेळी कोणी फार मोठा पाहुणा आला तर असावा म्हणून मी तो नेहमी बरोबर ठेवायचो. तो भाड्यानं सहसा देत नसे. घडी उलगडली आणि दुसरं टोक धरायला माणूस शोधू लागलो. समोर बापूसाहेब उभे होते. मी टोक त्यांच्यापुढं केलं.

ते टोकाकडे बघत राहिले. त्यांच्या मनात ते टिपाड असणार, माझ्या मनात तर होतंच. मग त्यांनी टोक धरलं. चांगलं ताणून धरलं. मी चुण्या पाडत त्यांच्यापर्यंत गेलो, तेव्हा ते हळू आवाजात, पण दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "राहेलबाई, टिपाडाला डोकं नव्हतं, ते खरं. तवा मालकालाबी नव्हतं. या पुढं."

राहेलबाई आल्या. स्टुलावर बसल्या. बाईच्या डोक्याला मी कधी हात लावला नव्हता. पदर तसाच ठेवून वरून पहिला वेढा द्यायचा होता, मागे अंबाडा मध्ये येत होता.  "मान हलवू नका," मी सवयीनं म्हणालो.

"लई आवळू नका, आप्पा," त्या म्हणाल्या. "ह्या डोक्याला हंड्याची सवय हाय." आणि मग त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, पण मान हलली नाही.

पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. चर्चमधले सगळे पुरुष उघड्या डोक्यानं उभे, बापूसाहेबांसकट, आणि फेटा एकटीच्या डोक्यावर. फोटो तोच निघाला. उपासना संपल्यावर त्या तशाच दाराशी गेल्या आणि गाठ मारलेला दोर धरून त्यांनी घंटा वाजवली. मागच्या बाकावर आक्का पदरात तोंड घालून रडत होती.

बाहेर मी सवयीप्रमाणे फेटे गोळा केले. राहेलबाईंसमोर जाऊन उभा राहिलो, पण "तेवढा फेटा" हे शब्द तोंडातून निघेनात. "आसू द्या तुमच्याकडं," म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या टोळीबरोबर गेल्याच. पुतण्याच्या बायकोला दिलेला शब्द मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पण ट्रकात चढताना आक्काला म्हणाल्या, "तोवर घंटेचं तुमी बघा. पट्टा पडला की येते." ऊसतोडीचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात.

खोटं नाही सांगत, त्या हिवाळ्यात डाळिंबी फेट्यासाठी मी मनातून हळहळलो. तसा रंग परत मिळाला नाही.

उन्हाळा लागला, गावचे आड पुन्हा आटले आणि मी आक्काकडे गेलो. घरात कोणी नव्हतं म्हणून चर्चकडे वळलो. राहेलबाई विहिरीपाशी उभ्या होत्या आणि समोर बायकांची रांग. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा आणि प्रत्येक हंड्याखाली डाळिंबी रंगाची चुंबळ. कुठं कुठं जरीचा काठ चमकत होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "राहेलबाई! माझा फेटा फाडला?"

"फाडला," त्या म्हणाल्या. "येकट्या डोक्याला येवढा लांब काय करायचा? कारखान्यावर खोपीत बसून चुंबळी शिवल्या. त्या पाच जनांच्या डोक्यावर फेटा टिकला न्हाई, ह्यो हितं बघा कसा टिकलाय."

मी रांगेकडे बघत राहिलो. रांगेत आक्का होती. पाटलांची सून होती. अगदी मागे बापूसाहेबांच्या बायकोच्या डोक्यावरही तोच रंग होता. एक फेटा मी कधी इतक्या डोक्यांवर बसवला नव्हता.

"आन् तुमी कावून नुसते उभे हाव?" राहेलबाई म्हणाल्या. त्यांनी कनवटीतून एक चुंबळ काढली. तुऱ्याच्या टोकाची होती, भरगच्च जरीची. "ही तुमच्यासाठी ठेवलीवती. वाका जरा. डोकं दाखवा, हंडा घ्या."

मी वाकलो. त्यांनी चुंबळ माझ्या टाळूवर ठेवली, बोटांनी नीट बसवली आणि वर भरलेला हंडा दिला. आक्का पुढं, मी मागं, असे निघालो. हंडा डचमळत होता, गार पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

"आप्पा," मागून आवाज आला, "मान हलवू नका!"

मी हलवली नाही.